डावा खांदा

माझ्या मामाला चित्र काढता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. हल्ली त्याच्या दुकानात येणारे लोक भिंतीकडे बघून "उपजत देणगी असते हो एकेकाला" असं म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. त्याने काढलेला पहिला कान मी पाहिलाय. तो कान नव्हता, दोरीवर वाळत घातलेला मोजा होता.

मामा शिंपी आहे. त्याचं दुकान न्हाव्याच्या दुकानाला लागून, आणि इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की मामाला टेबलाच्या पलीकडे जाऊन उभं राहावं लागतं. भिंतीवर खिळ्यांना खाकी कागदाचे साचे टांगलेले असतात. बाह्या, पाठी, कॉलर, चाळीस वर्षांतल्या गिऱ्हाइकांची अंगं. दुपारी ऊन अर्ध्या शटरखालून आत येतं आणि फरशीवरून सरकत सरकत मशीनच्या पायडलपर्यंत पोचतं. पंखा लावला की साचे हळूहळू हलायला लागतात, बरीचशी माणसं डोकी घरी विसरून इथे गप्पा मारायला जमलीत असं वाटतं. लहानपणी मी त्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपायचे. मशीन चालू असेपर्यंत गाढ झोप, थांबलं की जाग. अजूनही मला आवाजाने नाही, शांततेने जाग येते.

चित्रांचं खूळ सुरू झालं ते माझ्या आईमुळे. आई म्हणजे मामाची ताई, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात मधलं दिसायचं बंद होईल, कडेकडेचं राहील. म्हणजे दार दिसेल, पण दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसणार नाही. दवाखान्यातून आई घरी आलीच नाही, सरळ मामाच्या दुकानात शिरली. मी मागोमाग.

"बाळ्या," ती म्हणाली. बाळ्या तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. "मला आईचा चेहरा एकदा बघायचाय. तू काढून दे."

"मी?"

"दिवसभर रेघाच मारत असतोस ना?"

"त्या कापडावर, ताई. कापायच्या रेघा."

"मग आता कागदावर मार. वर्ष आहे तुझ्याकडे."

माझी आजी गेली तेव्हा आई अकरा वर्षांची होती आणि मामा पाच. आजीचा एकच फोटो होता. घर बदलताना त्याला ओल लागली आणि बुरशीने नेमका चेहराच खाल्ला. उरली एक खुर्ची, एक हात आणि पायातली चप्पल. म्हणजे परिस्थिती अशी होती की आईला तो चेहरा तोंडपाठ होता पण काढता येत नव्हता, आणि ज्याने काढायचा त्याला तो आठवतच नव्हता. मामाला आठवायच्या त्या दोनच गोष्टी. हनुवटी खालून कशी दिसते ते, आणि कानामागचा एक तीळ. आता हनुवटीच्या खालच्या बाजूवरून माणूस कोण ओळखणार?

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एक ते अडीच शटर अर्धं खाली यायला लागलं. जेवण दहा मिनिटांत उरकायचं, खाकी कागद पसरायचा आणि शिवणाच्या खडूने कान काढायचे. पहिला महिनाभर फक्त कान. कानाला हसू-रडू नसतं, म्हणून तिथून सुरुवात, असं मामाचं म्हणणं. समोर कोणी हवं म्हणून तो कागद घेऊन शेजारी न्हाव्याकडे जाऊन बसायचा. खुर्चीतला माणूस डोळे मिटून, मान टाकून, हलायचं नाही या बोलीवरच बसलेला असतो. चित्र काढणाऱ्याला याहून काय हवं?

"बसा खुशाल," न्हावी म्हणाला, "फक्त काढलेलं त्यांना दाखवू नका. माझी गिऱ्हाइकं तुटतील."

मी नळजोडणीच्या कार्यालयात तक्रारी लिहून घेते. दिवसभर लोकांच्या घरची गळती ऐकायची, त्यामुळे माझ्याकडे धीर कमीच. महिन्याभराने मी मामाला सांगून टाकलं की हे पालथ्या घड्यावर पाणी आहे.

"मी पहिली बाही कशी लावली होती माहितीये?" त्याने विचारलं.

"कशी?"

"उलटी. मास्तरांनी उसवायला लावली. बावीस वेळा."

"आणि मग?"

"मग तेविसाव्यांदा बसली," मामा म्हणाला आणि पुन्हा कानाला लागला.

कानांनंतर नाकं, नाकांनंतर मिटलेले डोळे. सुरुवातीला त्याची रेघ घाबरट होती, लहान लहान तुकड्यांनी चाचपडत जायची. पण रोजच्या रोज दीड तास, एकही दुपार चुकवायची नाही म्हटल्यावर कुठेतरी फरक पडतोच, फक्त तो पडताना दिसत नाही. चौथ्या महिन्यात एकदा मी डबा द्यायला गेले. ऊन पायडलवर आलं होतं, साचे हलत होते, आणि मामा समोर बसवलेल्या न्हाव्याचा जबडा काढत होता. कानापासून निघालेली रेघ न थांबता जबड्यावरून उतरून हनुवटीच्या टोकाशी पोचली. खडूचा आवाजसुद्धा झाला नाही. मी डबा हळूच ठेवला आणि कार्यालयात गेले.

रविवारी तो कागदाची गुंडाळी काखेत मारून आमच्याकडे यायचा. आई खिडकीपाशी कागद उजेडात धरायची आणि निकाल द्यायची.

"हा पोस्टमन आहे."

पुढच्या रविवारी, "ही भांडकुदळ दिसते. आपली आई भांडायची नाही, गप्प बसायची. ते जास्त वाईट."

त्याच्या पुढच्या रविवारी, "कपाळ बरोबर. बाकी सगळं परत."

दुसरा कोणी असता तर खडू फेकून उठला असता. मामा मान हलवायचा, चहा प्यायचा, सोमवारी एक वाजता शटर खाली.

पाचव्या महिन्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या प्रत्येक चेहऱ्याच्या मधोमध, कपाळापासून हनुवटीपर्यंत, कागदाला एक घडी होती.

"मामा, ही घडी कसली?"

"अर्धा चेहरा काढतो," तो सहज म्हणाला, "मग घडी घालून वरून दातेरी चाक फिरवतो. पलीकडे ठिपके उमटतात, दुसरा अर्धा आपोआप तयार. कोटाची पाठ घडीवरच तर कापतात."

मी हसले आणि मग मला रागच आला. "माणूस म्हणजे काय कोटाची पाठ आहे? दोन्हीकडे सारखा कोण असतो?"

"कोणीच नसतो," मामा म्हणाला. "ते मला सांगतेस? चाळीस वर्षं खांदे मोजतोय."

आणि तिथेच तर गोम होती. प्रत्येक माणसाचा एक खांदा दुसऱ्याहून खाली असतो. कोणाचा पिशवी उचलून, कोणाचा एका कुशीवर झोपून. मामा टेप लावतो, तोंडाने काही बोलत नाही, आणि खालच्या बाजूला आतून पॅड घालतो. कोट अंगावर चढला की माणूस आरशात सरळ दिसतो आणि खूश होऊन जातो. या गुपचूप कामावरच मामाचं नाव झालं होतं. त्याने घडी घालायची सोडली, पण घडी कागदातून गेली तरी हातातून जाईना. एक भुवई वर चढली की हात दुसरीला तिच्याबरोबर नेऊन बसवायचा.

नवव्या महिन्यापर्यंत त्याचा हात असा बसला होता की न्हाव्याने स्वतःचं चित्र चौकटीत घालून आरशावर टांगलं. पण आईचं एकच पालुपद होतं.

"नाक तिचं, कपाळ तिचं, ओठसुद्धा तिचेच. पण ही ती नाही रे. ही नुसती उभी आहे. हिला कुणाचं काही करायचं नाहीये."

त्या रविवारी आणखी एक झालं. आईने चित्र डोळ्यांसमोर धरलं, मग बाजूला सरकवलं आणि त्याच्या शेजारच्या भिंतीकडे बघत राहिली. मधलं गेलं होतं. आम्हा तिघांनाही ते एकाच वेळी कळलं. मामा गुंडाळी न घेताच निघून गेला. जिन्यात त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

"आता काय उपयोग," तो मला नंतर म्हणाला. तरी दुपारी एक वाजता हात खडू शोधायचाच. सवयीला कोण समजावणार? तो कान काढत बसायचा.

मग एक बाई कोटाचं माप द्यायला आली. हे मामाने मला चार वेळा सांगितलंय, चारही वेळा अगदी हळू आवाजात. तिच्या कडेवर चारेक वर्षांचा मुलगा होता. मामा म्हणाला, त्याला जरा खाली ठेवा. तिने ठेवला. मामाने टेप लावला. डावा खांदा इंचभर खाली.

"इथे पॅड घालतो," मामा म्हणाला. "सारखं दिसेल."

"घाला," ती म्हणाली. "याला उचलून उचलून झालंय ते. खाली ठेवला तरी अंगाला वाटतं तो आहेच."

तेवढ्यात त्या पोराने हात वर केले आणि तिने त्याला परत उचललं. तिची कंबर एका बाजूला गेली, खांदा खाली आला, मान दुसरीकडे कलली. मुलगा निवांतपणे वर बघत होता. मामाने त्याच्या नजरेच्या रेषेत बघितलं. तो आईच्या हनुवटीची खालची बाजू बघत होता.

मामा टेप हातात घेऊन नुसताच उभा राहिला. त्या बाईचं माप त्या दिवशी लिहिलंच गेलं नाही, तिला पुन्हा बोलवावं लागलं.

नंतरच्या अकरा दुपारी त्याने मला दुकानात येऊ दिलं नाही. रविवारी आला तो माणसाएवढी लांब गुंडाळी घेऊन. शिंप्याला लहान काढायची सवय नसते, त्याच्या सगळ्या रेघा अंगाच्या मापाच्या. एवढे महिने तो वीतभर चेहऱ्यावर झटत होता, यावेळी त्याने आजी पूर्ण उंचीची काढली होती. कागद दाराच्या आतल्या बाजूला टाचण्यांनी लावला. डावी कंबर बाहेर, डावा खांदा खाली, मान उजवीकडे कललेली. डावा हात कोपरात वाकून रिकाम्या जागेला विळखा घालून होता. त्या जागी त्याने काहीच काढलं नव्हतं.

"मी कसा दिसायचो ते मला कुठे माहितीये," तो माझ्या कानात म्हणाला.

आईने खुर्ची दारासमोर ओढली. मग तोंड खिडकीकडे वळवलं, म्हणजे दार डोळ्याच्या कडेला येईल. चेहरा तिला दिसलाच नसणार. उभं राहणं दिसलं. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आई हलली नाही.

"ही आई," ती म्हणाली.

मामाने सुटत आलेली एक टाचणी पुन्हा दाबली.

"बाळ्या, इतके महिने तू स्वतःला खाली ठेवून तिला काढत होतास."

मामा फरशीवर बसला आणि रडला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पाच वर्षांच्या पोरासारखा, तोंड न झाकता रडला. मलाही रडू आलं, लपवण्यात अर्थ नाही.

"पाच वर्षांचा घोडा होतो मी ताई. चालता येत होतं मला."

"मी रोज सांगायचे तिला. चालू दे त्याला, तुझ्या अंगात ताप आहे. ऐकायची नाही." आई अजून खिडकीकडेच बघत होती. "म्हणायची, राहू दे गं. कडेवर बसायचे दिवस असतात तरी किती."

मामाचं शटर अजून एक वाजता अर्धं खाली येतं. आता तो खांदे काढतो. त्याच्या भिंतीवर साच्यांच्या मधून मधून वाकडी माणसं लागलीत, आणि पंखा लावला की तीही हलतात. माप घेताना मात्र त्याने एक नवीन सुरू केलंय. टेप लावून झाला की विचारतो, "पॅड घालू, की असू दे?" बहुतेक जण घाला म्हणतात. मग तो मुकाट्याने घालतो.

आजीचं चित्र आमच्या दारावरच आहे. दुपारी आई खुर्ची तिथे ओढते आणि तोंड वळवून बसते. नवीन आलेल्या माणसाला वाटतं, म्हातारी खिडकीतून रस्ता बघतेय, आणि तो विचारतो, कोणाची वाट बघताय का? आई नाही म्हणते.