सॅन फ्रान्सिस्कोचं विमान आणि माझा निर्जळी उपास

त्या दिवसाचा उलगडा मला अजून नीट झालेला नाही, तरी सांगते. लेकीला सातवा महिना. डोहाळजेवण आटोपून मुंबईहून एकटीच सॅन फ्रान्सिस्कोला नवऱ्याकडे परत निघाली होती. डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलं होतं, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिकिटावर बघितलं, तर दुपारी निघणार आणि त्याच दिवशी संध्याकाळी पोचणार. म्हटलं, चला, चार तासांचा तर प्रश्न! दत्तमहाराजांना बोलून बसले, पोर सुखरूप उतरेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही.

दिवेलागण झाली तरी फोन नाही. मी रडकुंडीला आले, तेव्हा आमचे हे म्हणाले, "अगं, ती संध्याकाळ तिथली! आपल्याकडे तेव्हा उद्याची सकाळ. साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, सोळा-सतरा तास लागतात. मालेगावला निघालीय का ती?" म्हणजे निघाली आज, पोचणार आपल्या उद्याला, आणि तिथे तरी आजच असणार! माझं डोकं पार गरगरलं. पोरगी नक्की कुठल्या दिवसात होती, कोण जाणे. "उपास सोड," हे म्हणत राहिले. पण देवाला शब्द दिलेला. तो मोडला आणि तिकडे वर काही झालं तर?

सकाळी नेहमीसारखं इन्सुलिन टोचून घेतलं. ते काही पोटात जात नाही, म्हणजे उपास मोडत नाही, हे माझं शहाणपण! मग इंदिरानगरला आमच्या कॉलनीतल्या दत्तमंदिरात गेले. प्रदक्षिणा घालताना हातापायांना कापरं भरलं, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी खांबाला टेकून बसले. अभिषेक नुकताच झाला होता. एक अनोळखी बाई पंचामृताचं भांडं घेऊन समोर आल्या.

"हात पुढे करा, ताई."

"निर्जळी आहे माझी. लेक विमानात आहे."

"असू दे. महाराजांना नाही म्हणणार का?"

तीर्थप्रसादाला नाही म्हणायची आपल्यात रीतच नाही. हात आपोआप पुढे झाला. त्यांनी एकदा ओतलं, दुसऱ्यांदा ओतलं, भांडं संपेपर्यंत ओततच राहिल्या. हळूहळू कापरं थांबलं आणि मग मला रडू फुटलं. पोर अजून आभाळात, आणि मी उपास मोडून बसले! डोळे पुसून बघते तर बाई कुठेच दिसेनात. गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, "गर्दीत कुणाकुणाकडे बघू, काकू?"

घरी आले, देवापुढे बसले. नाव घ्यायचीही लाज वाटत होती. बऱ्याच वेळाने फोन वाजला. "आई, उतरले गं. बाळ नुसतं लाथा मारतंय!"

त्या बाई कोण, मला आजही कळत नाही, आणि ते दिवसांचं गणित तर त्याहून नाही. एवढं मात्र कळलं, की विमान माझ्या उपासावर उडत नव्हतं. मी कोसळले तेव्हाही ते चाललंच होतं, आणि मला वेडीला वाटत होतं की मीच धरून ठेवलंय. लेक, तिच्या पोटातलं बाळ आणि खांबाला टेकलेली मी, आम्हा तिघांनाही त्या सकाळी महाराजांनीच धरलं होतं.