सहाच्या पोटातला आठ

आमच्या ह्यांना सगळे ‘खात्रीशेठ’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण ह्यांना तसा संशय आहेच. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि अपघात खरा की बनाव ते सांगायचं, ह्यात ह्यांची हयात गेली. रोज कुणाच्या तरी गाडीपुढे झाड आडवं येतं, कुणाचा ब्रेक आपोआप निकामी होतो. ते ऐकून ऐकून माणूस घरीही तसाच झाला. बाहेर पडताना हे कुलूप ओढून बघतात, मग मला ओढायला लावतात, आणि जिना उतरल्यावर विचारतात, “नीट ओढलंस ना?” आमचं लग्न ठरत होतं तेव्हा ह्यांनी माझा जन्मदाखला मागितला होता. तोही मूळ! माझ्या वडिलांनी दिला कसा, हेच मला अजून कळत नाही.

अशा माणसाने दुसऱ्या राज्यातली जुनी गाडी घ्यायचं मनावर घेतलं. म्हणजे माझ्या डोक्याला किती ताप, तुम्हीच विचार करा.

गाडी हवी होती ती माझ्या सासऱ्यांसाठी. ते आयुष्यभर एका डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. लांब नाकाची काळी गाडी, मागे दिवाणासारखी ऐसपैस सीट. ती सीट त्यांनी रोज पुसली, पण तिच्यावर एकदाही बसले नाहीत. आता त्यांना जवळजवळ दिसत नाही, चार पावलं चालले की दम लागतो. ते आहेत तोवर त्यांना तशाच गाडीत मागे बसवून फिरवायचं, एवढंच ह्यांच्या मनात होतं. बोलून दाखवलं नाही कधी. पण मला न कळायला मी काय काल आलेय?

तशी गाडी सापडली सीमेपलीकडे, एका बाईंच्या अंगणात. बाईंचे यजमान वारले होते. किंमत ऐकून दुसरा कुणी खूश झाला असता. हे म्हणाले, “दाल में कुछ काला है.” कधी नव्हे ते हिंदी निघालं, तेव्हाच मी ओळखलं की आता काही खरं नाही.

बाईंनी कागद समोर ठेवले. नोंदणीचं पुस्तक, यजमानांचा मृत्यूचा दाखला, गाडी बाईंच्या नावावर झाल्याची नोंद आणि गाडी राज्याबाहेर न्यायला तिथल्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र.

“पत्राला मुदत आहे हं,” बाई म्हणाल्या. “त्याच्या आत तुमच्याकडे नोंद करून घ्या.”

“घाई का करताय?” ह्यांनी लगेच पकडलं.

“मी कुठे करतेय? पत्र करतंय,” असं म्हणून बाई हसत चहा टाकायला आत गेल्या.

त्या आत गेल्या तसे हे बॉनेट उघडून चेसिस नंबर बघायला लागले. गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला हा आकडा म्हणजे गाडीची खरी ओळख. कागदावर तोच आकडा असला तरच गाडी खरी. ह्यांनी त्यावर पातळ कागद धरला, पेन्सिल घासून ठसा घेतला. ठसा कागदांशी तंतोतंत जुळला. संपलं ना? नाही!

“ह्या सहाच्या पोटात मला आठ दिसतोय,” हे कुजबुजले. “कुणीतरी आकडा बदललाय. चोरीची असणार.”

“अहो, गंज आहे तो.”

“तू टॉर्च नीट धर.”

ह्यांनी खिशातून पॉलिशपेपर काढला आणि घासायला सुरुवात केली. रंग गेला, गंज गेला, आठही गेला. त्याच्याबरोबर सहासुद्धा गेला! जुना पातळ पत्रा तो, किती सोसणार? ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बाई चहा घेऊन आल्या तेव्हा बॉनेट बंद होतं आणि हे मूग गिळून बसले होते. मला इतका राग आला होता की चहाची चव कळली नाही.

गाडी ट्रकवर चढवून आणली. आमच्याकडच्या कार्यालयात तपासणी अधिकाऱ्याने आकडा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “नंबर पुसलेला आहे. आधीच्या मालकीणबाईंचा जबाब आणा.” तो नाही आला तर गाडी चोरीची म्हणून जप्त होणार होती. इकडे पत्राची मुदत संपत आली होती आणि सासरे रोज विचारत होते, “आली का रे?”

ह्यांनी फोन केला, आणि बाई बिचाऱ्या बसने एवढ्या लांब आल्या. कार्यालयाबाहेरच्या एजंटने जबाब तयारच ठेवला होता. ‘विकली तेव्हाच नंबर पुसट होता.’ म्हणजे सगळा ठपका बाईंवर.

“एका सहीत काम फत्ते,” एजंट ह्यांच्या कानात म्हणाला.

बाईंनी पेन घेतलं. “कुठे करू?”

“वाचून तरी घ्या,” हे म्हणाले.

“चष्मा पिशवीच्या तळाशी आहे हो. आणि तुमच्यासारखा चौकस माणूस चुकीचं कशाला लिहील?”

सही करायला बाई वाकल्या, तेवढ्यात ह्यांनी कागद ओढला आणि टराटरा फाडला. एजंट ओरडला, “अहो, वेड लागलं का?” पण हे तरातरा आत गेले. “साहेब, नंबर मी घासला. ह्या बाईंचा काही संबंध नाही.”

“कशाला घासलात?”

“संशय आला म्हणून.”

“मला आता तुमचाच संशय यायला लागलाय,” अधिकारी म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं. आता प्रयोगशाळेचा माणूस येणार, तेजाब लावून पुसलेला आकडा वर आणणार. तोवर गाडी कार्यालयाच्या आवारातून हलणार नाही, किल्ली त्यांच्या टेबलात. माणूस कधी येईल, ते कुणी सांगेना.

हे बाईंसमोर हात जोडून उभे राहिले. बाई म्हणाल्या, “मला तेव्हाच विचारायचं होतंत. असो. आधी वडिलांना घेऊन या.”

सासऱ्यांना टॅक्सीने आणलं. धूळ खात पडलेल्या गाड्यांच्या मधे आमची उभी होती. नुसतं बसण्यापुरती परवानगी मिळाली, आणि बाईंनी मागचं दार उघडलं. सासरे बसले, सीटवरून हात फिरवला, शिवणीपाशी बोट थांबलं. “तीच,” ते म्हणाले. “निघायचं?”

हे पुढे स्टिअरिंग धरून बसले होते. बॅटरी उतरलीय म्हणाले असते तरी चाललं असतं. “बाबा, गाडी हलणार नाही,” ह्यांनी सांगितलं. “माझ्या चुकीने अडकलीय.”

“मग काय बिघडलं? डॉक्टर पेशंटकडे आत जायचे, मी बाहेर उभ्या गाडीत बसायचो. वाट बघण्यात माझा हात कोण धरणार आहे?” आणि ते मागे रेलले.

ह्यांना हुंदका फुटला आणि हे मागे वळले. सासऱ्यांना दिसत नाही, पण कान तिखट आहेत.

“पुढे बघ रे,” ते म्हणाले. “साहेब आरामात बसलेत.”