बाबांसाठी रिव्हॉल्व्हर

डॅलसच्या उत्तरेला, आमच्या घरापासून जवळच, टायरवाल्याच्या शेजारी बंदुकांचं एक दुकान होतं. मी रोज त्याच्यावरून ऑफिसला जायचे, पण आत पाय ठेवायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात ती आली, आणि तीही सासऱ्यांमुळे.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर नवऱ्याने त्यांना कायमचं इकडे आणलं. तिकडे सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकणारा माणूस इथे नुसता खिडकीशी बसून राहायला लागला. रस्त्याने कुणी जातच नाही, हटकणार कुणाला? त्यातच विसरायला लागले. गॅस चालू ठेवून फिरायला गेले. नातीला आत्याच्या नावाने हाक मारायला लागले. डॉक्टरांना दाखवू या, असं मी नवऱ्याला कितीदा तरी सांगितलं. तो म्हणायचा जेटलॅग आहे. येऊन चार-पाच महिने झाल्यावर कसला आलाय जेटलॅग? पण वडिलांचा विषय निघाला की हा शिकलासवरलेला माणूस कान बंद करून घ्यायचा.

त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याच्या डोक्यात शूटिंग रेंजचं खूळ भरवलं. बाबांनी नोकरीत असताना नेमबाजीत बक्षिसं मिळवली होती. तेव्हा त्यांना शनिवारी रेंजवर न्यायचं आणि त्यासाठी त्यांच्याच पसंतीचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्याने ठरवलं. माझी झोप उडाली. तो समजूत घालायला लागला की आपण सिंगल ॲक्शन घेऊ, त्यात दर गोळीला आधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो, तोवर चाप दाबून काही होत नाही, म्हणजे सेफ. गॅस विसरणाऱ्या माणसाच्या हातात ते सेफ कसं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण झालं असतं.

दुकानात शिरल्याबरोबर बाबांची पाठ ताठ झाली. काचेखाली ओळीने मांडलेल्या रिव्हॉल्व्हरांवरून त्यांची नजर फिरली, आणि कित्येक दिवसांनी त्यांचा तो जुना हुकमी आवाज ऐकू आला. विक्रेत्याने आधी पंचेचाळीस कॅलिबरचं काढलं. बाबांनी ते हातात तोललं आणि परत दिलं. काडतुसं महाग, शिवाय या वयात मनगटाला झटका कशाला? बावीसचं बरं, काडतुसं स्वस्त पडतात. नळी फार आखूड नको. मूठ लाकडाचीच हवी, रबर त्यांना आवडत नाही. नवरा हे सगळं विक्रेत्याला इंग्रजीत सांगत होता आणि मधूनच माझ्याकडे वळून बघत होता, ऐकलंस ना, अशा नजरेने. मलाही वाटलं, चुकलंच आपलं. माणूस ठणठणीत आहे, आपणच उगाच काळजी करत बसतो.

"नळी कायम खाली," बाबा मला समजावून सांगायला लागले. "रिकामं असलं तरी माणसाकडे रोखायचं नाही."

हे बोलता बोलता त्यांनी अंगठ्याने घोडा ओढला आणि नळी माझ्या छातीसमोर येऊन थांबली.

विक्रेत्याने पटकन हात घालून ती खाली केली. नवरा तेव्हा पलीकडच्या कपाटाशी वाकून किमती बघत होता, त्याला काहीच कळलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, आणि रिव्हॉल्व्हर अगदी सावकाश काचेवर ठेवून दिलं.

त्यानंतर त्यांना एकही पसंत पडेना. हे जड, ते हलकं. एकाचा घोडा घट्ट, दुसऱ्याचा ढिला. मघाशी ज्या मुठीची तारीफ केली होती तीच आता हातातून निसटत होती. एवढ्या पैशात गावी स्कूटर येते, असंही म्हणाले. नवऱ्याला वाटलं, ते त्याच्या खिशाचा विचार करतायत. पैशांचं टेन्शन घेऊ नका, म्हणत त्याने बजेटच्या बाहेरचं, सुंदर अक्रोडी मुठीचं एक निवडलं आणि तो ओळखपत्र म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स काढत काउंटरच्या दुसऱ्या टोकाला गेला.

बाबा माझ्याजवळ सरकले. "मला कळलंच नाही गं, तुझ्याकडे रोखलंय ते," ते हळूच म्हणाले. "त्याला सांगू नकोस. पण घेऊ देऊ नकोस."

मी काउंटरपाशी जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की हे घरात आलं तर मी मुलीला घेऊन मैत्रिणीकडे राहायला जाईन. का, तर मला भीती वाटते. त्यात खोटं काहीच नव्हतं. नवऱ्याने विक्रेत्याला सॉरी म्हटलं आणि लायसन्स परत खिशात टाकलं.

गाडीत मात्र त्याचा बांध फुटला. "किती दिवसांनी हसले होते ते, यार. तुला तेवढंसुद्धा बघवलं नाही?" माझा संताप संताप झाला होता. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं, ओठांवरच होतं. मी काचेबाहेर बघत राहिले.

दोन-तीन सिग्नल गेले असतील. बाबा मागच्या सीटवरून पुढे वाकले. आवाज उत्साहाने भरलेला होता.

"दुकान अजून लांब आहे का रे?" त्यांनी विचारलं. "आपण बावीसचंच बघू. काडतुसं स्वस्त पडतात."

नवऱ्याने गाडी बाजूला, कुठल्याशा पार्किंगमध्ये घेतली. इंजिन तसंच चालू होतं. तो आरशात वडिलांकडे बघत होता आणि ते उत्तराची वाट बघत होते. इतके महिने मी जे सांगत होते ते खरं ठरलं होतं, आणि मला नुसतं रडू येत होतं.

"आज दुकान बंद आहे, बाबा," तो म्हणाला.