मंदाताईंचं नाव एकदाचं आलं

पडद्यामागे बसून वाजवणाऱ्यांकडे किस्से फार साठतात, कारण पडद्यावर आम्हाला कोणी येऊच देत नाही. टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमातल्या गाण्याच्या स्किटना मी पेटी वाजवायचो, रफिकभाई तबला, आणि पडद्यावर नुसते ओठ हलवणाऱ्या नट्यांसाठी गळा असायचा कोथरूडच्या मंदाताईंचा. ती स्किटं अजून लोकांची लाडकी आहेत. भेटेल तो आमचीच गाणी आम्हाला म्हणून दाखवतो. ती म्हटली कोणी होती, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटत नाही.

०

रफिकभाईंचंच घ्या. कव्वालीच्या स्किटमध्ये कॅमेऱ्यासमोर एक नट तबलजी झाला होता. दोन्ही पंजे डग्ग्यावरच आपटत होता, तेही डोळे मिटून! मागे रफिकभाई घामाघूम. दुसऱ्या दिवशी कसबा पेठेत त्यांच्या शेजाऱ्यानं त्यांनाच सुनावलं, की तबला वाजवावा तर त्या नटासारखा.

रफिकभाई म्हणाले, "हो, हात उचलतात फार छान."

०

एडिटर तर आमचा जुना वैरी. डोहाळजेवणाच्या स्किटमध्ये मंदाताईंनी अशी तान घेतली, की चहा घेऊन आलेला माणूस ट्रे धरून दारातच उभा राहिला. आणि टीव्हीवर? त्या तानेवर यंत्रातलं हसू! माझं डोकंच फिरलं. तरातरा जाऊन जाब विचारला.

तो शांतपणे म्हणाला, "अहो, तिथं बराच वेळ कोणी काही बोलतच नव्हतं."

०

पण खरा संताप नावांचा. शेवटी नावं सुरू झाली, की ती कोपऱ्यात ढकलायची आणि पडदाभर साबणाची जाहिरात. मंदाताईंचे गुरुजी सदाशिव पेठेत राहायचे. नव्वदीला टेकलेले, पण कान तिखट. ज्या गाण्याला गाणाऱ्याचं नाव नाही ते आपण ऐकत नाही, असं त्यांनी मंदाताईंना स्वच्छ सांगून ठेवलं होतं. गुरुजींनी एकदा तरी ऐकावं म्हणून ही बाई दर आठवड्याला टीव्हीला नाक लावून बसायची. दिसायचा साबण!

मी आणि रफिकभाई भांडलो तेव्हा कुठे दिग्दर्शकानं शब्द दिला. पुढच्या भागात मंदाताईंचं नाव सुरुवातीलाच, मोठ्या अक्षरांत. मंदाताईंनी लगेच गुरुजींना कळवलं.

मग स्किट हातात आलं. सोसायटीच्या गणपतीत बेसूर गाणाऱ्या बाईंचं!

आता मंदाताईंना बेसूर गाता येईना. टेकमागून टेक, पण गळा आपला सुरावरच परतायचा. शेवटी दिग्दर्शकानं त्यांच्या कानातल्या हेडफोनवर तानपुरा एका पट्टीत लावला आणि मला पेटी भलत्याच पट्टीत वाजवायला बसवलं. मंदाताई तानपुऱ्याबरोबर चोख गायल्या. टीव्हीवर तानपुरा गाळून फक्त त्यांचा गळा आणि माझी पेटी गेली.

तो भाग आम्ही मंदाताईंकडेच पाहिला. नाव आलं, चांगलं पडदाभर आलं. पाठोपाठ ते गाणं, आणि सगळ्या बिल्डिंगमधून हसण्याचा आवाज. मंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. मला त्या दिग्दर्शकाचा गळा धरावासा वाटला.

तेवढ्यात फोन वाजला. गुरुजी होते. मंदाताई डोळेच पुसत होत्या, म्हणून रफिकभाईंनी स्पीकर लावून दिला.

"मंदा, तुझा सूर कुठेही ढळला नाही," गुरुजी म्हणाले. "त्या पेटीवाल्याला मात्र उद्या माझ्याकडे पाठव."