गुनहिल्डच्या नावातल्या लढाया

खालच्या मजल्यावरची गुनहिल्ड गेल्याचं तिच्या भाचीने दारात उभं राहून सांगितलं, तेव्हा माझ्या हाताला कणीक लागलेली होती. तशीच तिच्या गळ्यात पडून रडले... घरातलंच माणूस गेलं होतं माझं.

नेदरलँड्समध्ये, इथे अ‍ॅमस्टेलव्हीनला आल्यावर पहिल्याच भेटीत मी गुनहिल्डला तिच्या नावाचा अर्थ विचारला होता. आपली खोडच ती! ही मूळची नॉर्वेची, पण उभ्या आयुष्यात तिला असं कुणी विचारलंच नव्हतं. नाव आजीचं; आजीचं नाव नातीला द्यायची तिकडे रीत. चार दिवसांनी अर्थ शोधून हसतच वर आली. जुन्या नॉर्स भाषेत ‘गुन’ म्हणजे युद्ध आणि ‘हिल्ड’ म्हणजेही युद्धच. आणि बाई कशी, तर तिच्या जागेवर कुणी सायकल लावली की निमूटपणे आपली दुसरीकडे नेणारी. मी तिला यावरून फार चिडवायचे. तिला मूलबाळ नव्हतं. आजीचं नाव आता आपल्यापाशीच थांबणार, हे ती एकदाच बोलली, खिडकीतली कुंडी उगाच पुसत.

माझी मीरा दिवस भरण्याआधीच जन्मली. हॉस्पिटलातल्या त्या काचेच्या पेटीपाशी गुनहिल्ड माझ्याबरोबर तासन् तास बसायची. लेक घरी आल्यावर बारसं केलं. नवऱ्याला बहीण नाही, तेव्हा आत्या गुनहिल्डच. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, एवढंच मी तिला समजावलं होतं. तिला वाटलं, आत्याने आपलं स्वतःचं नाव द्यायचं. ती पाळण्यावर वाकली आणि ‘गुनहिल्ड’ म्हणाली! बायकांनी कुर्रर्र करून तिच्या पाठीत धपाटेही घातले. व्हिडिओ कॉलवर पुण्याहून आई विचारतेय, हे काय नाव ठेवलंत? चूक कळल्यावर बिचारी कानकोंडी झाली, पुन्हा वाकून ‘मीरा’ म्हणाली. मग हळूच मला म्हणाली, “त्या पेटीत ती एकटीच लढत होती ना... म्हटलं, माझ्या दोन्ही लढाया तिला असू देत.”

अंत्यविधीनंतर सगळे कॉफी घेत होते. भाची म्हणाली, आमच्या घरातली ही शेवटची गुनहिल्ड. मीरा आता शाळेत जाते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तरं मात्र डचमध्ये. हातातला केक खाली ठेवून ती भाचीला म्हणाली, “माझंही तेच नाव आहे. आत्याने कानात सांगितलंय.”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.