प्रधानजींची बस

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरांतून रोज सकाळी एक चार्टर्ड बस ऑफिसांकडे जायची, आणि त्या बसचा मी प्रधान होतो. निवडणूक वगैरे झाली नव्हती. ड्रायव्हरच्या मागची सीट माझी होती आणि माझा आवाज मोठा होता, एवढंच. कुणी कुठे बसायचं, उशीर करणाऱ्यासाठी किती थांबायचं, हिवाळ्यात शेंगदाणे कुणी आणायचे, सगळं मी ठरवायचो. ऑफिसात माझं कुणी ऐकत नसे. त्याची भरपाई बसमध्ये व्हायची.

मग आमच्याकडे मेट्रो आली. आमच्याच ब्लॉकमधल्या नागपूरच्या एक बाई बसमध्ये उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, ‘सोमवार से मैं मेट्रो से जाऊँगी. आप लोग भी सोच लो. और भैया, आप किसी स्कूल का रूट देख लो, अभी से.’

भैया म्हणजे ड्रायव्हर. बस त्याचीच होती. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. ‘प्रधानजी, बस चलेगी ना?’

‘बिल्कुल चलेगी! एक आदमी नहीं टूटेगा.’

टाळ्या पडल्या. त्या उत्साहात भैयाने नवी सीटकव्हरं शिवून घेतली. मी बाईंची खिडकीची सीट त्याच दिवशी दुसऱ्याला दिली आणि पळ काढला म्हणून त्यांना ‘भगोडी मॅडम’ असं नावही ठेवलं. ते चांगलंच चिकटलं.

महिन्याभरात एकदा माझी बस चुकली. खरोखरच चुकली. मेट्रोत गार हवा, कॉलर कोरडी, वर ऑफिसात वेळेआधी हजर. त्यानंतर मला बस चुकवायची गोडीच लागली. कधी गुडघा धरायचा, कधी दाढ दुखायची. असाच एकदा हौज खासला गाडी बदलताना समोर बाई! मी खांबामागे सरकलो, पण खांबापेक्षा माझं पोट रुंद होतं.

‘प्रधानजी, दाढ कशी आहे?’ दाढेची बातमी सगळ्या ब्लॉकला होती.

‘ठणकतेय.’

‘मग पुढे या. असं मध्येच उभं राहू नका, नवखे दिसता.’

त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. मी मात्र संध्याकाळच्या बसमध्ये उभा राहून मेट्रोला नावं ठेवत राहिलो.

सीटा रिकाम्या होत गेल्या. मला सांगायची भीती, म्हणून माणसं गुपचूप गळत होती. शेवटी भैया बाईंकडे गेला. त्यांनी मुलीच्या शाळेत शब्द टाकला आणि त्याला रूट मिळाला. निरोपाच्या दिवशी हार मात्र माझ्या गळ्यात पडला. कुणीतरी म्हणालं, ‘प्रधानजी ने भैया को सड़क पर नहीं आने दिया.’ मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आता मी गुरुग्रामला मुलाकडे असतो. बसच्या मंडळींचा फोनवर ग्रुप आहे, त्याचा ॲडमिन अर्थात मीच. बाई त्यात नव्हत्या. गेल्या महिन्यात कुणीतरी ‘भगोडी मॅडम’ची आठवण काढली, वीसेक हसरे चेहरे उमटले, आणि मला जेवण जाईना. मी बाईंना फोन करून म्हणालो, ‘आता सगळं खरं सांगून टाकतो.’

‘सांगा. सीट गेल्याचं मला काही वाटलं नव्हतं हो. माझ्या मुलीला खाली खेळायला कुणी बोलवेना, ते वाटलं.’

हे मला माहीतच नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, असं म्हणायला हवं.

बाईंना ग्रुपमध्ये घेतलं आणि सगळं लिहिलं: दाढ, हार, शाळेचा रूट कुणी मिळवला तेही. मग एकाने लिहिलं, ‘प्रधानजी, मैं तो आपसे भी पहले से मेट्रो में था.’ दुसऱ्याने माफी मागितली, मग तिसऱ्याने.

बाईंनी एवढंच लिहिलं, ‘वो सब ठीक है. भैया इस ग्रुप में क्यों नहीं है?’

इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मी भैयाला घेतलं, बाईंना ॲडमिन केलं आणि दोघांच्या स्वागताचं भाषण टाइप करायला बसलो. दोन ओळी होतात न होतात तोच बाईंचा मेसेज आला.

‘प्रधानजी, छोटा रखना.’