आष्ट्याच्या बेपत्ता शिपायाच्या शोधात

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. नववीला दुसरं महायुद्ध होतं. कारणं, घटनाक्रम, परिणाम, असं फळ्यावर लिहीत असताना आष्ट्याची मंगल उभी राहिली. म्हणाली, "बाई, माझे आजोबा या युद्धात हरवले. अजून सापडले नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिने पत्रांचं एक पुडकं आणलं; आजोबांनी पलटणीत कुणाकडून तरी लिहवून घेऊन घरी पाठवलेली. तिचे पणजोबा, म्हणजे आजीचे सासरे, त्याच वर्षी वारले होते आणि त्यांच्या कुलूपबंद ट्रंकेत ही पत्रं निघाली होती. मंगलच्या आजीला, हौसाबाईंना, वाचता येत नव्हतं. मी सगळी वाचून काढली. प्रत्येक पत्रात एका जोडीदाराचा उल्लेख होता: धोंडीराम, राहणार कराडच्या पुढे, नागठाण्याजवळ. हा माणूस जिवंत असेल का, या एकाच कुतूहलापोटी नाताळच्या सुट्टीत मी निघाले. ठरल्याप्रमाणे आष्ट्याच्या स्टँडवर हौसाबाई गाडीत चढल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर भाकरीचं गाठोडं. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, म्हणून तीस वर्षं त्या सवाष्णीसारख्या राहिल्या होत्या.

आज हा रस्ता तुम्ही अडीच तासांत कापाल. तेव्हा इस्लामपूर, पेठ नाका, कराड असं करत एसटीला चांगले चार-साडेचार तास लागत, आणि तिकीट सहा-सात रुपये असावं. उसाच्या बैलगाड्यांमागे गाडी रांगायची. कराडच्या स्टँडवर कांदाभजी खाल्ली, ती मात्र अजून आठवते. मी विचारलं, "आजी, ते पलटणीत का गेले?"

"त्या साली हिरीला पाणी न्हवतं," त्या म्हणाल्या. "भरतीवालं जत्रंत आलं हुतं. ह्ये जत्रंला म्हणून गेलं, आन आंगठा दिऊनच घरला आलं."

वर्गात शिकवलेल्या कारणांत ही विहीर कुठेच नव्हती.

नागठाण्याच्या फाट्यावर उतरून आम्ही तासभर चाललो. गावच्या चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी होती. पहिल्या महायुद्धात गावातून किती गेले आणि किती आले नाहीत, ते तिच्यावर कोरलेलं. दोन्ही आकडे मी वहीत उतरवून घेत होते, तेवढ्यात एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुणाकडं जायचं?" तेच हवालदार धोंडीराम निघाले.

त्यांनी घरी नेलं, गुळाचा चहा दिला. हौसाबाईंनी गावाचं आणि नवऱ्याचं नाव सांगितल्यावर त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"आवं वैनी, तुमास्नी अजून ठाव न्हाई?"

मग ते सावकाश सांगू लागले. मुंबईहून बोट, मग मिसर, म्हणजे इजिप्त, तिथून इटली. डोंगर, चिखल, खेचरांवरून दारूगोळा. "तिथं एक नदी हुती, सांगरो. सांगलीवाणी नाव, म्हणून ध्यानात ऱ्हायलं. ती उतरताना रातीत पूर आला. तुमचं मालक दिसंनात, म्हणून बेपत्ता लिवलं. तिसऱ्या दिशी पाणी वसरलं तवा सापडलं. लाकडं लय वली. ट्रकचं त्याल वतून मीच अग्नी दिला."

"मला तर एकच तार आली," हौसाबाई म्हणाल्या.

"दुसरा कागद बी आला हुता. लढाई सपल्यावर मी सोता आष्ट्याला आलो, तवा तुमच्या सासऱ्यांनी दावला आन माझ्यासमूर फाडला. तुमी मळ्यात गेला हुता. त्येंनी माझं पाय धरलं. म्हणालं, 'सुनंला कळलं तर ती नातवाला घिऊन म्हायेरी जाईल, मग माझं कोण हाय?' मी गप ऱ्हायलो, वैनी. चुकलो."

मला वाटलं, त्या रडतील किंवा धोंडीरामांवर चिडतील. पण त्या म्हणाल्या, "अग्नी दिला न्हवं, भावजी? मग तुमचं उपकारच हायती."

परतीच्या गाडीत उंब्रज मागे पडलं. तेव्हा हौसाबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "मामंजींना मी शेवटी चमच्यानं पाणी पाजलं. तवा तरी सांगायचं."

त्या प्रवासाला आता पन्नास वर्षं होत आली. महायुद्धावर मी नंतर पुष्कळ वाचलं. सैन्यं कुठून कुठे सरकली, ते मला अजून तोंडपाठ येतं. पण एका मरणाची बातमी आष्ट्यातल्या एका घरात, बाहेरच्या सोप्यापासून आतल्या चुलीपर्यंत पोचायला तीस वर्षं लागली, हे कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. आणि मी त्या म्हाताऱ्या सासऱ्याचा रागही धड करू शकत नाही. त्याचाही मुलगाच गेला होता.

महिन्याभराने हौसाबाई मुलासोबत सांगलीला आल्या. कृष्णेच्या घाटावर त्यांनी विधी केले आणि तशाच शाळेत आल्या. "ती जागा दावा," म्हणाल्या. मी जगाचा नकाशा टेबलावर पसरला, मिसर, मुंबई, सांगली दाखवली आणि इटलीवर बोट ठेवलं.

"भांडण कुणाचं हुतं, बाई?"

मी सांगितलं. जर्मनी, पोलंड, इंग्लंड, आणि आपल्याला न विचारताच इंग्रजांनी आपल्याला त्यात कसं ओढलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग इटलीवर स्वतःचं बोट टेकवून ते समुद्रातून, मिसरवरून, मुंबईवरून हळूहळू खाली आमच्या जिल्ह्यापर्यंत ओढत आणलं.

"वाट तर सरळ हाय," त्या म्हणाल्या. "यायला जमलं असतं."